ईश्वरेच्छा ओळखावी कशी?

मुलीचे स्थळ ठरवायचे असो की विहीर पाडायची असो, ‘देवाच्या मनात काय आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे निघतोच. कोणी कौल लावतो, कोणी येरमाळ्याच्या येडाईला साकडे घालतो. कॅथलिक माणसालाही हाच प्रश्न पडतो. तो त्याचे उत्तर कसे शोधतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मी ख्रिस्ती नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे आयुष्य हमालांच्या संघटनेत गेले. परंतु जानेवारी २०२० मध्ये आपल्या जिल्ह्याच्या गावी ९३ वे मराठी साहित्य संमेलन भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. त्या वादामुळेच मी त्यांचे लेखन हाती घेतले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा हा माणूस हरित वसईच्या चळवळीत शेती आणि पाणी राखण्यासाठी रस्त्यावरही उतरला होता. प्रार्थना करणाऱ्याला लढ्याची वेळ कशी कळते, हे मला त्यांना विचारावयाचे होते. जुलै २०२४ मध्ये ते गेले. मग वाचत वाचत मी पार स्पेनपर्यंत पोहोचलो.

इग्नेशियस लोयोला हा तिथला एक लढवय्या. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला शौर्यकथा हव्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्ताच्या व संतांच्या चरित्रांची पुस्तके. तो कधी पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही गोड वाटत. परंतु पहिली ओसरल्यावर मन कोरडे पडे, दुसऱ्यांनंतर समाधान टिके. हा फरक त्याने हेरला, आणि त्यावरच पुढे एक साधना उभी केली. तिचे पुस्तक १५४८ साली छापले गेले.

त्यातल्या काही गोष्टी मला फार व्यवहारी वाटल्या. दुपारी आणि रात्री दिवसाची झडती घ्यावी. मन खचलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. निवड करणे अवघड झाले, तर अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आला असता त्याला आपण काय सांगितले असते, ते पाहावे आणि स्वतः तसे वागावे. शिवाय जे उघड पाप आहे ते निवडीला ठेवायचेच नाही. लाच घ्यावी की नाही, याचा कौल देवाकडे मागण्याची सोयच नाही! धर्मशिक्षण, बुद्धी आणि जाणत्याचा सल्ला ही सगळी सोबत घेऊनच हे चालते. कारण मनातला प्रत्येक आवाज देवाचा नसतो, हे इग्नेशियस पक्के जाणून होता.

काही वर्षांपूर्वी एका मोंढ्यात हमालीच्या दरावरून बोलणी चालली होती. एक व्यापारी मला चारचौघांत अरे-तुरे बोलला. ‘उद्यापासून काम बंद’ असे मी रात्री ठरवून टाकले. मग त्या अनोळखी माणसाची आठवण झाली. त्याला मी विचारले असते, ‘बाबा, तुझ्या अपमानासाठी किती घरांच्या चुली विझवणार आहेस?’ रात्रभर झोप लागली नाही. संप झाला, पण आठ दिवसांनी, सर्वांना विचारून आणि दराच्या मागणीवर. अर्धी मागणी पदरात पडली. मी तेव्हा बरोबर वागलो की भ्यालो, यावर आमच्यात अजून वाद आहे.

कॅथलिकाला यात मजुरीचा प्रश्न परका नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांचा संघटना करण्याचा हक्क आपल्या पत्रात मान्य केला. देवाची इच्छा पृथ्वीवर पूर्ण व्हावी, असे जो रोज प्रार्थनेत मागतो, त्याला पृथ्वीवरचा मोंढा वगळता येत नाही.

मी देवाचे नाव घेत नाही, झडती मात्र घेतो. रात्रीची होते. दुपारची चुकते, कारण त्याच वेळी सौदे निघतात.