परदेशी शिक्षणाची तयारी : आधी कागद, मग कपडे

दर उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातले दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे येतात. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असते आणि प्रश्न बहुधा एकच असतो : “सर, बॅगेत काय काय न्यावं?” मी उलट विचारतो, “वडिलांची टी. सी. कुठं आहे? पासपोर्टवर तुझं नाव कसं लिहिलंय?” विद्यार्थी गोंधळतो. सर विषयाला फाटा देत आहेत असे त्याला वाटते. पण आपल्या घरातून निघणाऱ्या मुलाची बॅग भरायला सुरुवात होते ती येथूनच.

प्रस्थापित घरांतल्या मुलाला हे वेगळे शिकावे लागत नाही. त्याचा मामा तिकडे राहून आलेला असतो, शेजारची ताई मागच्या वर्षीच गेलेली असते. कोणता कागद केव्हा मागतात, कोणाला पत्र लिहायचे, हे त्याला जेवता जेवता कळते. माहिती हीसुद्धा वारसाहक्काने मिळणारी मालमत्ता आहे, आणि जमिनीप्रमाणेच ती आपल्या वाट्याला आलेली नाही. म्हणून ज्याला ती मिळाली त्याने ती लिहून वाटली पाहिजे. हा लेख त्यासाठीच.

माझे स्वतःचे एक वर्ष या अज्ञानापायी गेले. प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीचा दाखला हवा होता. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत ‘महार’, १९५६ च्या धर्मांतरानंतर वडिलांच्या टी. सी. वर ‘बौद्ध’, आणि माझ्याजवळचा दाखला भलत्याच नमुन्यातला. कार्यालयाने तो तीनदा परत केला. चौथ्यांदा तो योग्य नमुन्यात मिळाला तेव्हा अर्जाची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. मी प्रवेश सोडून दिला. त्याच वर्षी माझ्या एका वर्गमित्राचीही पैशाची सोय झाली नव्हती. त्याने विद्यापीठाला एक पत्र लिहिले आणि प्रवेश पुढच्या वर्षावर नेला. असे पत्र लिहिता येते, हे त्याला त्याच्या काकांनी सांगितले होते. मला सांगणारे कोणी नव्हते.

पुढे बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचताना मी या ठिकाणी थांबलो. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; त्यासाठी संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मोठ्या कष्टाने जमविलेली पुस्तके वेगळ्या बोटीने निघाली होती. महायुद्धात ती बोट बुडाली आणि पुस्तके गेली. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी मिळविली होती. १९२० साली स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधाराने ते पुन्हा लंडनला गेले. पैसा संपला तरी मुदत मागून घेता येते, आणि ती लेखी घ्यावी लागते. ही गोष्ट आपण मुलांना सांगत नाही.

आता व्यवहाराचे बोलू. पासपोर्ट, दहावीची सनद, पदवीच्या गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांवर नाव अक्षराअक्षराने एक असावे. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव मध्ये, तर कुठे स्पेलिंग निराळे. तफावत असेल तर प्रवेशाच्या आधी वर्षभर दुरुस्तीला लागा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा किंवा गावचे दप्तर त्यासाठी शोधावे लागते. धर्मांतरित बौद्धांच्या दाखल्याचा नमुना वेगळा आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, म्हणून केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी कोणता नमुना चालतो ते आधी विचारून घ्यावे. तहसीलदाराकडील उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा हवा तेही पाहावे.

शिष्यवृत्ती मुख्यतः दोन : राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. दोन्हींचे नियम बदलत असतात. मागच्या वर्षी गेलेल्याच्या सांगण्यावर विसंबू नये, चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. एक उदाहरण देतो. २०२२ साली केंद्राच्या योजनेच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला पहिला महत्त्वाचा निबंध भारतातील जातींवरच होता. हा नियम त्या वेळी असता तर तो निबंध कोणत्या शिष्यवृत्तीवर लिहिला गेला असता, याचा विचार चळवळीने करावा आणि त्याविरुद्ध बोलावे. विद्यार्थ्याने मात्र अर्जात विषय लिहिण्यापूर्वी नियम पाहावा.

पैशाचे गणित असे. ब्रिटनला जायचे तर व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य-अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे. क्षयरोगाची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते. घरचा पैसा दाखवायचा असेल तर तो खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. सावकाराकडून दोन दिवसांसाठी आणलेली रक्कम चालत नाही. सरकारी शिष्यवृत्ती असली तरी पहिला हप्ता उशिरा येऊ शकतो. निदान दोन महिन्यांचे भाडे आणि जेवण यांची सोय करूनच निघावे.

आणि आता बॅग. एका बॅगेला बहुधा २३ किलोची मर्यादा असते, तिकिटावर पाहावे. जाड कोट इथून महाग विकत नेऊ नये, तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानांत तो स्वस्त मिळतो. चष्म्याची दुसरी जोडी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधे न्यावीत. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी, येसर, काळा मसाला खुशाल न्यावा. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे घरीच वाटून टाकावेत. मूळ कागद कधीही मोठ्या बॅगेत टाकू नयेत. ते हातातल्या पिशवीत असावेत. त्यांच्या प्रती घरी एका विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात.

माझ्या बॅगेत बाबासाहेबांचा फोटो होता. आईने तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिला होता. तिकडे घरात आम्ही पाच भारतीय होतो. पहिल्याच संध्याकाळी एकाने आडनाव विचारले, मग गाव, मग “म्हणजे तुम्ही कोण?” मी विषय बदलला. तो फोटो तीन महिने बॅगेच्या तळाशी राहिला. समुद्र ओलांडला की जात मागे राहते, या समजुतीवर मी निघालो होतो. या प्रश्नाची तयारी माझी झालेली नव्हती, हे मी आज लाजेने आणि मुद्दाम लिहितो.

तयारी म्हणजे कायदा कुठे काय म्हणतो हे माहीत असणे. ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याचे ठरविले. २०१८ साली तेथील सरकारने तसे न करता हे काम न्यायालयांवर सोडले. अमेरिकेत सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. काही अमेरिकी विद्यापीठांच्या नियमांत जात आली आहे. ब्रँडाइसने हे २०१९ सालीच केले. आपल्या विद्यापीठाचा नियम काय आणि तक्रार कोणाकडे करायची, हे जाण्याआधी वाचून ठेवावे. तिकडच्या आंबेडकरी विद्यार्थ्यांचा पत्ता शोधावा. मला तो सापडला तेव्हा माझा फोटो भिंतीवर गेला.

माझी एक सूचना आहे. प्रत्येक विहारात, वाचनालयात, वसतिगृहात एक वही ठेवावी. परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाने तीत लिहावे : कोणता कागद कुठे अडला, कोणत्या पत्राने सुटला, पैसे कधी आले, खोली कशी मिळाली. पुढे जाणाऱ्याने ती वाचावी आणि आपली भर घालावी. आमच्या गावच्या विहारात मी अशी वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर मी माझे वाया गेलेले वर्ष लिहिले आहे. गेल्या जूनमध्ये एक मुलगी ती वाचून गेली आणि तिने पहिले काम काय केले, तर मुदत वाढवून मागणारे पत्र लिहिले. ती मिळाली. सप्टेंबरात ती गेली.