अडगळ कोणी ठरवावी?

जळगांव जामोद येथील आमच्या घरीं वंशावळीची एक जुनी वही आहे. तिच्यावरून आमच्या थोरल्या काकांनीं निवृत्तीनंतर संगणकासाठीं एक लहानशी आज्ञावली लिहिली होती. नांव घातलें कीं त्या व्यक्तीची शाखा व निधनतिथि पडद्यावर येई. काका निवर्तल्यावरही पितृपक्षांत तीच उघडून पाहण्याचा परिपाठ राहिला. परंतु एके वर्षीं पितृपक्षाच्या आदल्या दिवशीं ती कांहीं केल्या उघडेना. आज्ञावली जागच्या जागीं होती. तिला चालविणारें ‘पायथॉन २’ मात्र नाहींसें झालें होतें. आठवड्यापूर्वींच आमच्या पुतण्यानें लिनक्सची नवी आवृत्ति घातली होती, आणि ‘पुढील पॅकेजें काढलीं जातील’ ही लांबलचक यादी न वाचतांच होकार दिला होता.

त्याला रागें भरण्यापूर्वीं हें घडतें कसें तें पाहावें. लिनक्समध्यें बहुतेक साधनें पॅकेजांच्या रूपानें येतात, व एक पॅकेज दुसऱ्या अनेकांच्या आधारावर उभें असतें. आपण मागितलेलें कोणतें आणि दुसऱ्याच्या सोबतीनें आलेलें कोणतें, याची नोंद ‘ॲप्ट’सारखा व्यवस्थापक ठेवितो. सोबतीनें आलेलें आतां कोणत्याही पॅकेजास लागत नाहीं असें दिसलें कीं तो तें काढण्यास सुचवितो. काकांची आज्ञावली हें पॅकेज नव्हतेंच. तेव्हां तिची गरज त्या नोंदींत येणार कोठून? दिवाळीच्या आवराआवरींत माळ्यावरचें पुरणयंत्र मोडींत जावें आणि होळीला आजीनें तें मागावें, तसाच हा प्रकार.

नव्या आवृत्तीच्या कर्त्यांचीही बाजू आहे. पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं संपली. ज्याची डागडुजी कोणी करीत नाहीं तें ठेवणें म्हणजे चोरास दार उघडें ठेवणें. डेबिअनच्या जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तींत तें उरलें नाहीं.

मुरलेले लोकही येथें फसतात. २०२१ सालीं लायनस सेबॅस्टियन या कॅनडांतील प्रसिद्ध संगणक-समीक्षकानें ‘पॉप ओएस’वर खेळांचें ‘स्टीम’ हें साधन घालतांना संबंध डेस्कटॉपच गमावला. यंत्रानें ‘होय, मी सांगतों तसें कर’ अशा अर्थाचें वाक्य टंकावयास सांगितलें होतें, व त्यानें तें टंकिलें! पुढें ॲप्टच्या कर्त्यांनीं ती वाट अधिक अडचणीची केली.

नवी आवृत्ति घालण्यापूर्वीं सर्व दप्तराची दुसरी प्रत करावी, आणि काढावयाची यादी घरांतील मोठ्यांसमोर मोठ्यानें वाचावी, असा आमच्या घरीं आतां दंडक आहे. ‘ॲप्ट’ला ‘-एस’ हा पर्याय दिला असतां कांहीं न बदलतां काय काय जाईल तें तो आधीं दाखवितो.

पुतण्यानें ती आज्ञावली पायथॉन ३ मध्यें उतरविली. ‘प्रिंट’पुढें कंस घालण्यापेक्षां देवनागरी नांवांनींच त्यास अधिक छळलें. तोंवर तिथि वहींतून पाहिल्या. तेव्हां आढळलें कीं पणजोबांच्या दोन बहिणींचीं नांवें काकांनीं घातलींच नव्हतीं. तीं आतां घातलीं आहेत.