लिनक्सचं वेगळं बिऱ्हाड

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, म्हणजे आपल्या लॅमिंग्टन रोडला लागलं की कॉम्प्युटरची अशी वस्तू नाही जी तिथे मिळत नाही. जुन्या लॅपटॉपवाल्यांचं सध्या या रस्त्यावर काम असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. एरवी ठणठणीत असलेली हजारो मशिनं त्यामुळे एका दिवसात जुनी ठरली. लिनक्स अशा मशिनांवर उत्तम चालतं.

तरी विंडोज पुसून टाकता येत नाही, त्यालाही कारणं आहेत. गिरगावातल्या छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवलेल्या फायली पडून असतात, दादरच्या हिशेबनिसाचं सगळं टॅलीत असतं. म्हणून एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम नांदतात. मग डिस्क भरते, किंवा हार्ड डिस्कचा संथपणा नकोसा होतो, आणि लिनक्स दुसऱ्या डिस्कवर हलवायचा विचार सुरू होतो.

हलवायचं तर पुरतं हलवा, असं माझं ठाम मत आहे. फायली नव्या डिस्कवर आणि बूटलोडर मात्र जुन्या डिस्कवर विंडोजच्या शेजारी, असं अर्धवट काम करू नका. उद्या जुनी डिस्क गेली तर दोन्ही सिस्टिम एकदमच बंद पडतील.

लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. तेव्हा रविवारचा दिवस मशीन उघडून पाहण्यात घालवा. आत एम.२ ची मोकळी खाच असेल तर ती साटाची आहे की एनव्हीएमईची, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. दोन्ही प्रकारच्या एसएसडी दिसायला जवळपास सारख्या असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. खाच नसेल तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे डिस्क धरणारी कॅडी बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, म्हणून ड्राइव्ह बाहेर ओढून जाडी मोजूनच दुकानात जा. काही लॅपटॉप या खाचेतून बूट होत नाहीत, तेही आधी तपासा. तुमचा त्यांतला असेल तर कॅडीचा नाद सोडा.

कामाला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत तिसऱ्याच डिस्कवर काढा. विंडोजवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं.

पुढची रीत उबुंटू, मिंट, डेबियन या घराण्याची आणि यूईएफआय असलेल्या मशीनची आहे. आख्खी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायला सोपी वाटते, पण इथे ती सोय नाही. एक टेराबाइटची हार्ड डिस्क २५६ जीबीच्या एसएसडीत मावत नाही. शिवाय क्लोन केल्यावर दोन्ही डिस्कांवरच्या पार्टिशनांचे ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, एकसारखे होतात आणि सिस्टिमने नेमकं कुठलं पार्टिशन उचललं हे कळत नाही.

त्यापेक्षा पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने मशीन चालू करा. चालत्या सिस्टिमच्या फायली सतत बदलत असतात. ती अशी बाहेरून उघडली की सगळं स्थिर असतं. नव्या डिस्कवर जीपीटी पद्धतीचा तक्ता करा. सुरुवातीला ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन ईएफआयसाठी ठेवा आणि उरलेल्या जागेत एक्स्ट४ करा. मग आरसिंकने सगळ्या फायली हलवा. फायलींचे मालक, परवानग्या, हार्ड लिंक आणि जादा गुणधर्म जपणारे पर्याय कमांडमध्ये हवेतच. स्रोताच्या नावाच्या शेवटची तिरकी रेघही विसरू नका. ती असेल तर फोल्डरमधला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरच उचलून आत जातो आणि आख्खी सिस्टिम एक पायरी खाली जाऊन बसते.

फायली पोहोचल्या तरी मशीन सुरू होत नाही, आणि इथे पुष्कळजण धीर सोडतात. चाळीतून टॉवरमध्ये राहायला गेल्यावर रेशनकार्डावर जुनाच पत्ता राहावा, तसं झालेलं असतं. इटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब या फायलीत जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी असतो. बीएलकेआयडी ही कमांड नवे क्रमांक दाखवते. नव्या डिस्कवरच्या एफएसटॅबमध्ये रूटच्या आणि ईएफआयच्या ओळीत ते घाला. मग सीएचरूटने त्या सिस्टिममध्ये शिरून ग्रब हा बूटलोडर नव्या ईएफआय पार्टिशनमध्ये बसवा आणि ग्रबची यादी ताजी करा.

या यादीत विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका, ते जागेवरच आहे. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फायलीत तो चालू करून यादी पुन्हा बनवली की विंडोज दिसायला लागतं.

विंडोज उघडल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसू शकतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. पहाटे जतन केलेल्या फायलीवर मग आदल्या दिवशीची तारीख पडायची. स्थानिक वेळ वापरायला लिनक्सला टाइमडेटसीटीएलने सांगता येतं. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांत या उपायाने गोंधळ होतो. आपल्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून इथे तो बिनधास्त करावा. हे साडेपाच तास मुंबईने मात्र सुखासुखी स्वीकारले नव्हते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते, लॅमिंग्टन रोडला ज्यांचं नाव आहे तेच लॉर्ड लॅमिंग्टन. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी नव्या वेळेला विरोध केला, आणि शहरात मुंबई टाइम स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू राहिला.

नव्या डिस्कवरून लिनक्स सुरू झालं की फाइंडएमएनटी कमांडने रूट खरोखर तिच्यावरच आहे ना, ते पाहा. तरीही जुनं पार्टिशन लगेच पुसू नका. प्रिंटर, मराठी कीबोर्ड, रोजची कामं सगळं काही आठवडे वापरून बघा. नंतर ती जागा विंडोजला द्यायची तर विंडोजच्या पार्टिशनच्या लगेच उजवीकडे रिकामी झालेली जागाच त्याचं डिस्क मॅनेजमेंट जोडून घेतं. मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन असेल तर लाइव्ह लिनक्समधलं जीपार्टेड वापरावं लागतं. पुसताना जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनला हात लावू नका. बहुतेक वेळा ते जेमतेम १०० एमबीचं असतं आणि निरुपयोगी वाटतं, पण विंडोज सुरू होतं ते त्याच्यावरूनच.