चार चाकांवरील भाराचा हिशेब

अमेरिकेतील नॅस्कारच्या स्टॉक मोटारींच्या शर्यती, ज्यांचे बहुतेक मार्ग लंबवर्तुळाकार असून ज्यांवर मोटारी अखंड डावीकडेच वळत राहतात, त्या घरबसल्या संगणकावर खेळण्याची सोय पॅपिरस या संस्थेने १९९४ साली ‘नॅस्कार रेसिंग’ या खेळाने केली. आणि त्याच संस्थेचे एक संस्थापक डेव्ह केमर यांनी पुढे उभारलेले ‘आयरेसिंग’ २००८ पासून खेळाडूंच्या हाती आहे. या सिम्युलेटरांतील सस्पेन्शनचे आकडे म्हणजे खेळ रंजक करण्यासाठी मांडलेली सजावट होय, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या आकड्यांमागे यंत्रशास्त्राचे तेच नियम आहेत, जे खऱ्या मोटारीवर अंमल गाजवतात. म्हणूनच आयरेसिंगवर शर्यतीचे पहिले धडे गिरवलेला विल्यम बायरन २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे नॅस्कारची खरीखुरी डेटोना ५०० शर्यत जिंकू शकला.

दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे, आणि तो असा की उत्तम सेटअप, म्हणजे सस्पेन्शनची जुळणी, मोटारीला नवी पकड मिळवून देतो. वास्तविक पकड ही टायरची मिळकत. सस्पेन्शनकडे केवळ तिच्या वाटणीचा कारभार असतो. टायरवरील भार वाढला की पकडही वाढते खरी, परंतु त्याच प्रमाणात वाढत नाही. म्हणून वळणावर डाव्या चाकावरून उतरलेला भार उजव्या चाकावर जितका अधिक चढेल, तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. हे एक तत्त्व नीट ध्यानी आले, तर उरलेले बहुतेक गैरसमज आपोआप निकालात निघतात.

स्प्रिंगा कडक केल्या की मोटार कमी झुकते, सबब ती वेगवान होते, ही समजूत याच जातीची आहे. वळणावर एकंदर किती भार उजवीकडे जाणार, हे मोटारीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरते. त्यात स्प्रिंगांचा फारसा हात नाही. त्या भारातील पुढच्या जोडीचा वाटा किती आणि मागच्या जोडीचा किती, एवढेच त्या ठरवतात. पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की पुढच्या जोडीवर अधिक ओझे येते, तिची पकड घटते, आणि वळण्यास नाखूष असलेली मोटार भिंतीकडे सरकू लागते. खेळाडू तिला ‘टाइट’ म्हणतात. मागच्या बाबतीत तेच केले तर मागचा भाग बाहेर निसटतो आणि मोटार ‘लूज’ होते.

मोटार दोन्ही बाजूंना सारखी असावी, हा आग्रह रस्त्यावरच्या मोटारीला शोभतो. लंबवर्तुळाकार मार्गावर उजव्या चाकांचे माथे आत आणि डाव्यांचे बाहेर, म्हणजे चारही डावीकडे कललेले ठेवतात, कारण वळणे एकाच दिशेची असतात.

मात्र सर्वाधिक घोटाळा ‘वेज’च्या, म्हणजे उजवे पुढचे आणि डावे मागचे चाक या कर्णावर पडणाऱ्या भाराच्या, बाबतीत होतो. एका कोपऱ्याची स्प्रिंग जॅकच्या स्क्रूने दाबली तर भार फक्त त्या कोपऱ्यावर वाढतो, असे नवखा मानतो. पण विषम जमिनीवर ठेवलेल्या चौरंगाच्या एका पायाखाली घडी सारली असता जसा समोरचा तिरपा पायही दाबला जातो, तसेच येथे घडते. समजा, मोटारीचे वजन ३३०० पौंड असून उजवे पुढचे आणि डावे मागचे चाक मिळून १७१६ पौंड, म्हणजे ५२ टक्के, भार पेलत आहेत. डाव्या मागच्या चाकावर २० पौंड वाढवले, तर उजव्या पुढच्यावरही २० वाढतात, उरलेल्या दोहोंवरून प्रत्येकी २० उतरतात, आणि कर्णाची बेरीज १७५६, म्हणजे सुमारे ५३.२ टक्के होते. डावीकडचा, उजवीकडचा, पुढचा, मागचा असा कोणताही एकूण भार तिळमात्र बदलत नाही. तरीही पुढच्या जोडीतील भाराची विषमता वाढल्याने मोटार पूर्वीहून टाइट होते.

शॉक अॅब्सॉर्बरांवर तर सर्व दोषांच्या निवारणाची जबाबदारी टाकली जाते. सस्पेन्शन हलत असेल तेव्हाच ते कार्य करतात. म्हणून ब्रेक दाबून वळणात शिरताना किंवा अॅक्सिलरेटर देत बाहेर पडताना त्यांची कैफियत ऐकावी, परंतु वळणाच्या मध्यावर मोटार स्थिरावलेली असता त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या वेगवान खेळाडूचा सेटअप जसाच्या तसा उचलावा, या सल्ल्यापेक्षा टायरचे तापमान वाचणे मला कितीतरी विश्वसनीय वाटते. टायरचा मधला पट्टा दोन्ही कडांहून तापलेला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा अधिक तापल्या असतील तर कमी. आणि उजवे पुढचे टायर उजव्या मागच्याहून फार तापत असेल तर मोटार टाइट आहे. फेरफार एका वेळी एकच करावा, आणि सल्ला कोणत्या मोटारीसाठी दिला आहे तेही पाहावे. मागचा अखंड आस असलेल्या जुन्या मोटारींना लूज करण्यासाठी ट्रॅक बार, म्हणजे त्या आसाला आडव्या दिशेने जागी धरणारा दांडा, वर घेत. २०२२ साली आलेल्या नेक्स्ट जेन मोटारीची मागची चाके परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि ट्रॅक बार तिच्यात नाहीच, तेव्हा तेथे हे काम मागच्या स्प्रिंगांकडून आणि वेजकडून करून घ्यावे लागते.