मूळ छायाचित्र पेटीतच राहू द्या

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपली छावणी कायमची वसवली आणि त्या वस्तीला ‘लष्कर’ हेच नाव पडले. शिंद्यांच्या पाठोपाठ दक्षिणेतून गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दौलतगंज, जनकगंज, शिंदे की छावणी या भागांतील अशा घरांच्या कपाटांत पगडीधारी पणजोबांचे, नऊवारीतील पणजीचे एखादे पिवळसर छायाचित्र जपलेले असते. गोव्यातील जुन्या घरांच्या पेट्यांतही तेच सापडते. हे छायाचित्र लाकडी फळीवर किंवा उशीच्या अभ्ऱ्यावर उतरवून वाढदिवसाला अथवा वास्तुशांतीला भेट देण्याची हौस आता घरोघरी दिसू लागली आहे. हौस उत्तम आहे. मात्र तिच्यापायी अनेकदा मूळ छायाचित्रच हातचे जाते.

कारण साधे आहे. छायाचित्र लाकडावर उतरवण्याच्या प्रचलित पद्धतीत कागदाला द्रव माध्यम लावून तो फळीवर चिकटवतात आणि वाळल्यावर पाण्याने भिजवून चोळून काढून टाकतात. म्हणजे कागद नष्ट करणे हा या कृतीचाच भाग आहे. त्या जागी पणजीचे एकमेव छायाचित्र असेल, तर मागे ना छायाचित्र उरते ना फळीवरची प्रतिमा.

जुन्या छायाचित्रात प्रतिमा असते कुठे?

राजा दीनदयाळ यांनी टिपलेली ग्वाल्हेरसह मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे १८८६ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली. त्या काळात छायाचित्रे प्रामुख्याने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापली जात. पुढे त्या बलकाची जागा जिलेटिनने घेतली. दोन्ही प्रकारांत प्रतिमा घडवणारे चांदीचे सूक्ष्म कण त्या थराच्या आत बंदिस्त असतात. पाणी लागले की जिलेटिन फुगते, मऊ होते आणि ज्याला टेकलेले असेल त्याला चिकटते. अलीकडच्या रंगीत छायाचित्रांत रंग जिलेटिनच्या थरांत असतात आणि खालचा कागद प्लास्टिकने मढवलेला असतो. त्यामुळे तो चोळून सुटतच नाही. थोडक्यात, स्टुडिओत छापलेले कोणतेही छायाचित्र या पद्धतीने लाकडावर उतरत नाही. उतरते ती त्याची विशिष्ट प्रकारे काढलेली प्रत.

म्हणून पहिले काम स्कॅनिंगचे. छोटे छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यास ते दुप्पट आकारात छापतानाही ३०० डीपीआयची स्पष्टता राहते. स्कॅनर नसल्यास खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, फ्लॅश न लावता, भ्रमणध्वनी छायाचित्राला समांतर धरून प्रत टिपावी. चौकटीच्या काचेला छायाचित्र चिकटलेले असेल, तर ते ओढून काढू नये. काचेसकटच स्कॅन करावे.

टोनर आणि शाई यांतला भेद

प्रत कोणत्या यंत्रावर छापली, यावर पुढचे सारे यश अवलंबून असते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे चेस्टर कार्लसन यांनी स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने कोरड्या भुकटीची पहिली प्रतिमा कागदावर उमटवली. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर ही याच तत्त्वावर चालणारी यंत्रे आहेत. त्यांची भुकटी, म्हणजे टोनर, रंगद्रव्य आणि प्लास्टिक यांचे मिश्रण असते. उष्णतेने ती वितळून कागदाच्या पृष्ठभागावर बसते; तंतूंत फारशी झिरपत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच खालचा कागद भिजवून चोळून काढला, तरी टोनरचा पातळ पापुद्रा माध्यमाला चिकटून राहतो.

घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई द्रवरूप असते. ती कागदात मुरते आणि साधी शाई पाणी लागताच पसरते. आपली प्रत कोणती हे ओळखायचे असेल, तर तिचा एक कोपरा ओल्या बोटाने चोळून पाहावा. रंग बोटाला लागला, तर ती प्रत या कामाची नाही.

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रौशेनबर्ग यांनी १९५८ ते १९६० या काळात दान्तेच्या ‘इन्फर्नो’वर चित्रमालिका केली. त्यासाठी त्यांनी नियतकालिकांतील छापील चित्रे द्रावकाने भिजवून, मागून घासून कागदावर उतरवली होती. अशा द्रावकांच्या पद्धती घरात टाळलेल्याच बऱ्या. ॲसिटोनसारखे द्रावक झटकन पेट घेते आणि त्याची वाफ बंद खोलीत त्रासदायक ठरते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक जेल माध्यम चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानांत मिळते आणि घरासाठी तेच सुरक्षित आहे. लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद पाण्याने पुन्हा मऊ पडतो. त्यामुळे कागद चोळताना चित्रही त्याच्याबरोबर निघण्याचा धोका असतो.

फळीवर उतरवताना

प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही; छायाचित्रातील पांढरा भाग म्हणजे कोरा कागद. तो कागद निघून गेल्यावर तेथे लाकूडच दिसते. त्यामुळे गडद सागवानावर चेहरा हरवतो, फणसाच्या लाकडावर तो पिवळसर दिसतो. सागाच्या अंगचे तेलही माध्यमाला नीट धरू देत नाही. फिकट पाइन किंवा फिकट प्लायवूड उत्तम. सागाचीच फळी वापरायची असेल, तर आधी पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा हात द्यावा.

फळी आधी १२० आणि मग २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासून पुसून घ्यावी. लेझर प्रत साध्या, पातळ, न चकाकणाऱ्या कागदावर काढावी. फळीवर माध्यमाचा सलग, पातळ थर देऊन प्रत पालथी ठेवावी आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने मध्यापासून कडांकडे दाबत हवेचे बुडबुडे काढावेत. बुडबुडा राहिला, तर तेवढ्या जागी चित्र उमटत नाही. पूर्ण वाळल्यावर ओल्या स्पंजाने कागद भिजवून बोटांच्या टोकांनी हलकेच गोल चोळावे. कागदाचे तंतू वळ्या होऊन निघतात. सुकल्यावर चित्रावर पांढुरकी झाक दिसली, तर ते उरलेले तंतू समजावेत. दोन-तीनदा पुन्हा भिजवावे, पण घाई करून नखाने खरवडू नये. शेवटी पाण्यावर आधारित वॉर्निशचा पातळ हात दिला, की उरलीसुरली झाकही बरीच मावळते.

नथ कोणत्या बाजूला?

प्रत पालथी चिकटवल्यामुळे फळीवर चित्र उलटे उमटते. निसर्गदृश्यात हे लक्षात येत नाही. कौटुंबिक छायाचित्रात मात्र लगेच खटकते. डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते, खांद्यावरचा पदर बाजू बदलतो, खालची अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून छापण्यापूर्वी संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर चित्र आडवे उलटून घ्यावे. दुकानातून प्रत काढताना ‘मिरर प्रिंट’ असे सांगितले, की काम होते.

कापडाचे गणित वेगळे

कापडासाठी तीन मार्ग आहेत. जेल माध्यमाची वरील पद्धत सुती कापडावरही चालते, पण पोत कडक होतो. भिंतीवर टांगायच्या चित्राला ते चालते, अंगात घालायच्या कपड्याला नाही. दुसरा मार्ग इस्त्रीने उतरणाऱ्या ट्रान्सफर पेपरचा. हा कागद इंकजेट प्रिंटरसाठीही मिळतो. फिकट आणि गडद कापडांसाठी तो वेगवेगळा असतो; फिकट कापडाच्या कागदावर चित्र उलटे छापावे लागते, गडदच्या कागदावर बहुधा सुलटे. नवे कापड आधी धुऊन खळ काढावी, इस्त्रीत वाफ नसावी आणि खालचा पृष्ठभाग कठीण असावा.

तिसरा मार्ग सब्लिमेशनचा. मग आणि टी-शर्टवर छापणारी दुकाने तो वापरतात. यात सुमारे १९० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला रंग वायुरूप होऊन थेट पॉलिस्टरच्या तंतूत शिरतो. निव्वळ सुती कापडावर तो टिकत नाही. येथे ग्वाल्हेरचे नाव फसवे ठरू शकते. १९४७ मध्ये ‘ग्वाल्हेर रेयॉन’ म्हणून स्थापन झालेली कंपनी पुढे ‘ग्रासिम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मात्र रेयॉन आणि पॉलिस्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनते आणि सब्लिमेशनचा रंग त्यावर सुतासारखाच धरत नाही. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या चंदेरीची साडी हाताशी असेल, तर तिच्यावर कोणताच प्रयोग करू नये. रेशीम आणि सुताचे ते तलम वस्त्र इतकी उष्णता सोसत नाही.

हवेचा हिशेब

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हवा कोरडी असते. तेथे माध्यम काही तासांत वाळते. ॲक्रिलिक माध्यम त्यातील पाणी उडूनच घट्ट होते. त्यामुळे गोव्याच्या जुलैत त्याच थराला पूर्ण दिवस आणि कधी त्याहून अधिक काळ द्यावा लागतो. ‘रात्रभर ठेवा’ ही सूचना येथे पावसाळ्यात अपुरी पडते आणि अर्धवट वाळलेली प्रत चोळताच चित्र सोलून निघते. दमट लाकूड पुढे वाकते म्हणून फळी पूर्ण वाळलेली घ्यावी, वॉर्निश मागच्या बाजूलाही द्यावे आणि पाझरणाऱ्या भिंतीवर ती टांगू नये. हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकलेले बरे.

मूळ छायाचित्राला मात्र याहून अधिक जपावे लागते. ओलाव्यात जिलेटिनवर बुरशी चढते. म्हणून ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून, भिंतीला न टेकणाऱ्या कोरड्या कपाटात ठेवावे. पाकिटात घालण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला छायाचित्रात कोण कोण आहे, ते विचारून घ्यावे. ती नावे, गाव आणि अंदाजे साल पाकिटावर लिहावे आणि तोच मजकूर फळीच्या मागेही उतरवावा. फळी बिघडली तर स्कॅनवरून दुसरी करता येते; नावे सांगणारी व्यक्ती गेली, तर ती माहिती कोणत्याही यंत्रावरून परत मिळत नाही.