उर्सुला ले ग्विन: जादूची बेटं रचणाऱ्या लेखिकेने कविता का सोडली नाही?

जादूगारांची शाळा म्हटलं की आज कुणाच्याही डोळ्यांसमोर हॅरी पॉटर येतो. पण हॅरीचं पहिलं पुस्तक आलं १९९७ मध्ये. त्याच्या २९ वर्षं आधी, १९६८ मध्ये, शेळ्या राखणारा एक पोरगा होडीत बसून रोक नावाच्या बेटावर जादू शिकायला गेला होता. पोराचं नाव गेड, पुस्तकाचं नाव 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', आणि लेखिका अमेरिकेच्या उर्सुला के. ले ग्विन.

ले ग्विन यांची ओळख जगभर या अर्थसी मालिकेमुळे आणि 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'सारख्या विज्ञान कादंबऱ्यांमुळे आहे. ह्यूगो, नेब्युला हे त्या क्षेत्रातले मोठे पुरस्कार त्यांना अनेकदा मिळाले. पण त्यांचं छापून आलेलं अगदी पहिलं लेखन १९५९ सालचं आहे आणि ती एक कविता आहे. मृत्यूच्या थोडं आधी त्यांनी ज्या पुस्तकावरून शेवटचा हात फिरवला तोही कवितासंग्रहच. मधल्या जवळपास साठ वर्षांत कवितेने त्यांना ना पैसा दिला, ना प्रसिद्धी. मग त्या ती लिहीत का राहिल्या?

नकाशावर नसलेला देश

उर्सुला यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतल्या आद्य मानववंशशास्त्रज्ञांपैकी एक. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा, कथा, चालीरीती नोंदवून ठेवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आई थिओडोरा यांनी पन्नाशीनंतर लेखन सुरू केलं आणि याही जमातीच्या शेवटच्या माणसावर, इशीवर, पुस्तक लिहिलं. 'इशी' हे त्याचं नाव नव्हतंच. याना भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'माणूस' एवढाच. आपलं खरं नाव त्याने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

पुढे अर्थसीत 'खरं नाव' ही कल्पना येते, तेव्हा इशीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हा धागा फार ताणू नये, कारण इशी १९१६ मध्येच वारला होता आणि ले ग्विन यांच्या लहानपणी घरात त्याच्याविषयी फारसं बोलणं होत नसे. पण माणसाची भाषा मेली की काय काय मरतं, याची जाण असलेल्या घरात त्या वाढल्या, एवढं नक्की म्हणता येतं.

कविता त्या पाचव्या वर्षापासून करत होत्या. अकराव्या वर्षी एका विज्ञानकथा मासिकाला कथा पाठवली, ती परत आली. कॉलेजात असताना त्यांनी मध्य युरोपात एक अख्खा देश कल्पिला आणि त्याला ऑर्सिनिया हे नाव दिलं. उर्सुला म्हणजे छोटी अस्वली, आणि ऑर्सिनियाच्या मुळाशीही अस्वलच. थोडक्यात, लेखिकेने आपलंच नाव एका देशाला देऊन टाकलं. पुढची दहाएक वर्षं त्या या देशाच्या कादंबऱ्या लिहीत राहिल्या आणि प्रकाशक त्या परत पाठवत राहिले. हे वास्तववादी म्हणायचं की कल्पित, हेच त्यांना कळत नव्हतं.

त्या काळात छापून यायच्या त्या कविता, छोट्या नियतकालिकांमधून. १९५९ ची ती पहिली कविता म्हणजे ऑर्सिनियातल्या एका प्रांताचं लोकगीत! जो देश अस्तित्वातच नाही, त्यातल्या लोकांचं गाणं. कल्पित जग आणि कविता या दोन गोष्टी त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून अशा एकमेकींत मिसळलेल्या होत्या.

खड्याचा हिरा कसा होतो?

१९६७ मध्ये बर्कलीतल्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाच्या हर्मन शाईन यांनी त्यांना विचारलं, थोड्या मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? ले ग्विन यांनी आधी नकाशा काढला. भलामोठा समुद्र आणि त्यात विखुरलेली शेकडो बेटं. (देवनागरीत 'अर्थसी' लिहिलं की त्यात आपसूक 'अर्थ' येतो. हा योगायोग मराठी वाचकालाच काय तो मिळतो, आणि तो या पुस्तकाला शोभतोही.)

या जगातली जादू चालते ती नावांवर. इथे प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं एक खरं नाव असतं आणि ते प्राचीन भाषेत असतं. ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून माणसं आपलं खरं नाव लपवतात आणि व्यवहारात दुसरंच वापरतात. आपल्याकडे पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं असतं, तसंच काहीसं. गेडला लहानपणी डनी म्हणत, लोक त्याला स्पॅरोहॉक म्हणून ओळखतात, आणि गेड हे नाव तो जिवावर उदार होऊनच कुणाला सांगतो.

रोकच्या शाळेतला एक प्रसंग बघा. गेड गुरूला विचारतो, खड्याचा हिरा करता येईल का? गुरू करून दाखवतो, पण तो असतो नुसता भास. खरा हिरा करायचा तर खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि खड्याचं नाव बदलणं म्हणजे जग बदलणं. म्हणून परिणाम पुरते ठाऊक असल्याशिवाय ते करायचं नाही. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. पुढे याच पोरांना एका एकाकी मनोऱ्यात पाठवलं जातं. तिथे मंत्र नाहीत, चमत्कार नाहीत. नुसत्या नावांच्या याद्या असतात. एखाद्या भूशिराचं, त्या भूशिराजवळच्या खाडीचं, त्या खाडीतल्या खडकाचं नाव. सगळं तोंडपाठ करायचं.

माझ्या मते ले ग्विन यांच्या कवितेचं गमक या मनोऱ्यात आहे. ढोबळ शब्द चालत नाही, 'झाड' म्हणून भागत नाही, ते कुठलं झाड हे ठाऊक हवं. कवीला करावी लागणारी हीच मेहनत त्यांनी जादूगाराच्या माथी मारली. 'स्टीअरिंग द क्राफ्ट' हे लेखन शिकवणारं पुस्तक त्यांनी १९९८ मध्ये काढलं, तर त्याचा पहिला धडा कथानकावर किंवा पात्रांवर नाही, वाक्याच्या आवाजावर आहे. आधी मोठ्याने वाचून बघा, मग पुढचं बोलू. अर्थसीची पानं मोठ्याने वाचली की ती शिस्त कानाला कळते. वाक्यं साधी आहेत, पण लाटेसारखी येतात.

आणखी एक गोष्ट. गेड गोरा नाही, तांबूस तपकिरी वर्णाचा आहे आणि अर्थसीतली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत. १९६८ च्या अमेरिकेत हे मुद्दाम केलेलं होतं. मुखपृष्ठांवर मात्र त्याला पुष्कळदा गोरा करण्यात आलं आणि त्याबद्दल त्या वर्षानुवर्षं भांडत राहिल्या.

लिहायचं कधी?

१९५३ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर फ्रान्सला जाताना 'क्वीन मेरी' जहाजावर त्यांची चार्ल्स ले ग्विन यांच्याशी ओळख झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लग्न झालं. उर्सुला यांनी पीएच.डी. सोडून दिली. चार्ल्स इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि १९५९ पासून हे कुटुंब ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये राहिलं. तीन मुलं झाली.

मुलं लहान असताना लेखन व्हायचं रात्री, ती झोपल्यावर. दोन पूर्णवेळ कामं एका माणसाला जमत नाहीत, पण दोन माणसं मिळून तीन पूर्णवेळ कामं रेटू शकतात, असा त्यांचा हिशोब होता. नोकरी, घर आणि लेखन ही ती तीन. मूल की पुस्तक असा प्रश्न बायकांनाच विचारला जातो, यावर त्यांनी पुढे बरंच लिहिलं.

१९८८ च्या एका मुलाखतीत त्यांनी आपला आदर्श दिनक्रम सांगितला होता. पहाटे साडेपाचला जाग, मग अंथरुणातच पडून विचार. सव्वासहाला भरपूर नाश्ता. सव्वासात ते दुपार लेखन. जेवणानंतर वाचन आणि संगीत, तिसऱ्या प्रहरी पत्रव्यवहार आणि जमलं तर झाडलोट, मग स्वयंपाक. रात्री आठनंतर आपलं डोकं चालत नाही, असंही त्यांनी हसत कबूल केलं. यात प्रेरणेची वाट बघण्यासाठी वेगळा वेळ ठेवलेला नाही. ठेवलाच असेल तर तो पहाटेचा पाऊण तास.

कवितेला गिऱ्हाईक कुठे?

पहिला कवितासंग्रह 'वाइल्ड एंजल्स' आला १९७५ मध्ये. तोवर अर्थसीची तीन पुस्तकं येऊन गेली होती आणि तिसऱ्याला, 'द फार्देस्ट शोअर'ला, १९७३ मध्ये नॅशनल बुक अवॉर्डही मिळालं होतं. त्यानंतर दर काही वर्षांनी संग्रह येत गेले. परीक्षणं फारच थोडी आली. कवितेवाल्यांच्या लेखी त्या जादूगारांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाई होत्या, आणि गोष्टींच्या चाहत्यांना कवितेशी देणंघेणं नव्हतं.

आपल्याकडे वि. वा. शिरवाडकरांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली आणि कविता कुसुमाग्रज म्हणून. मराठी वाचकाने दोघांनाही डोक्यावर घेतलं. ले ग्विन यांचं नाव एकच होतं आणि त्यावर शिक्का आधीच बसला होता.

कवितेतल्या ले ग्विन वेगळ्या भेटतात. तिथे ड्रॅगन कमी आहेत. त्यांच्या पोर्टलंडच्या घरातून सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी दिसायचा. १८ मे १९८० रोजी त्याचा उद्रेक झाला आणि माथाच उडाला. तो डोंगर त्यांच्या कवितेत येतो. आई, वडील, मांजर, नदी, म्हातारपण येतं. कादंबरीत त्या गेडच्या, तेनारच्या आडून बोलतात, कवितेत आड कुणी नसतं. म्हणून काही कविता अगदी साध्या वाटतात, क्वचित फिक्याही. सगळ्याच थोर आहेत असा दावा करण्याची गरज नाही. पण ज्या लागतात, त्या खोल लागतात.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या 'ऑलवेज कमिंग होम'मध्ये, १९८५ साली. लहानपणीच्या उन्हाळी सुट्ट्या ज्या नापा खोऱ्यात गेल्या, तिथेच दूरच्या भविष्यात राहणारे केश नावाचे लोक त्यांनी कल्पिले. या पुस्तकात कथा आहे, तशाच केश लोकांच्या कविता, पाककृती, नाटकं आहेत. टॉड बार्टन या संगीतकाराने केलेल्या गाण्यांची कॅसेटही सोबत निघाली. वडिलांनी जे काम खऱ्या जमातींसाठी केलं, तेच मुलीने न जन्मलेल्या माणसांसाठी केलं.

कोरडा प्रदेश आणि छोटी होडी

'द फार्देस्ट शोअर' मृत्यूविषयी आहे. त्यातला मृतांचा देश कोरडा, धुळीचा, वारा नसलेला आहे. प्रेमात जीव दिलेली माणसं तिथे एकमेकांना ओळख न देता शेजारून निघून जातात. हे लिहिताना लेखिका चाळिशीत होत्या. हे चित्र त्यांना पुढे खटकत राहिलं असावं. कारण सत्तरी ओलांडल्यावर, २००१ च्या 'दि अदर विंड'मध्ये, त्यांनी त्या देशाची भिंतच पाडली आणि अडकलेल्या मृतांना मोकळं केलं. आपणच रचलेल्या जगाचा नियम तीस वर्षांनी मोडणारे लेखक फार नसतात.

यानंतर मृत्यूचं काम त्यांनी बहुतेक कवितेकडे सोपवलं. २०१४ मध्ये नॅशनल बुक फाउंडेशनचं मोठं पदक घेताना त्या पुस्तकांचा निव्वळ माल करणाऱ्या बाजारावर कडाडल्या. ते सहा मिनिटांचं भाषण जगभर ऐकलं गेलं. त्या वेळी घरी मात्र त्या छोट्या, नेमक्या कविता लिहीत होत्या. नवी कादंबरी पेलायचं बळ आता उरलेलं नव्हतं, कविता मात्र हाताशी होती.

२२ जानेवारी २०१८ रोजी, ८८ व्या वर्षी, पोर्टलंडमध्ये त्यांचं निधन झालं. 'सो फार सो गुड' हा संग्रह त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात आला. त्यात विल्यम ब्लायवर एक कवितामालिका आहे. १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावर बंड झालं आणि कप्तान ब्लायला १८ जणांसह एका उघड्या होडीत सोडून दिलं गेलं. ती होडी सहा हजारांहून जास्त किलोमीटरचा समुद्र कापून तिमोरला पोचली. ५० वर्षांपूर्वी याच लेखिकेने गेडला 'लुकफार' नावाच्या छोट्या होडीत बसवून, स्वतःच्याच सावलीच्या मागे, नकाशाच्या कडेपलीकडे पाठवलं होतं.

वाचायची सुरुवात 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'पासून करा, जेमतेम दोनशे पानांचं पुस्तक आहे. त्या मनोऱ्याचा भाग आला की तो मोठ्याने वाचा. मग लगेच 'सो फार सो गुड' उघडा.