आंबील : उन्हाळ्याचे पथ्य की अपथ्य?

ग्रीष्म हा आदानकालाचा अखेरचा ऋतू. सूर्य जगताचा स्नेहांश शोषून घेतो, शरीरबल क्षीण होते, अग्नी मंदावतो आणि वाताचा संचय सुरू होतो, हे आपण सर्वांनी पहिल्या वर्षापासून पाठ केलेले आहे. परंतु पाठ केलेले सूत्र रुग्णाच्या चुलीपर्यंत नेताना वैद्याची कशी फसगत होते, याचा एक अनुभव आम्ही प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत. चूक आमचीच होती, म्हणून ती सांगण्यास संकोच नाही.

मराठवाड्यातील एका गावी आमचा आठवड्यातून दोन दिवस दवाखाना असतो. काही वर्षांपूर्वी चैत्र महिन्यात चाळिशीच्या आसपासची एक शेतमजूर स्त्री आम्लपित्ताची लक्षणे घेऊन आली. घशाशी आंबट येणे, उरोदाह, दुपारी मस्तकशूल. आहार विचारता तिने सांगितले, सकाळी आंबील, दुपारी भाकरी आणि ताक. आम्ही तत्काळ दोन्ही बंद केले. ग्रीष्मात अम्ल, लवण व कटु रस वर्ज्य करावेत असे चरकांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. उष्णकाली आणि दुर्बलास ताक देऊ नये, हा सुश्रुतांचा निषेध तर सर्वपरिचितच आहे. औषध दिले, पथ्य सांगितले आणि पुढचा रुग्ण आत बोलावला.

बारा दिवसांनी तीच स्त्री हळद शिजवण्याच्या कढईपाशी घेरी येऊन बसली. तिला बैलगाडीतून आणले, तेव्हा ती शुद्धीवर होती. ओठ सुकलेले, नाडी जलद, पायांत पेटके. सावलीत निजवून अंगावर ओली फडकी टाकली, जलसंजीवनी घोटाघोटाने पाजली आणि सायंकाळपर्यंत तिला बरे वाटू लागले. सोबत आलेल्या सासूबाई तोवर गप्प होत्या. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, तुम्ही आंबील बंद करा म्हनलात, केली. पर तिच्या जागी काय प्यावं ते काय सांगितलं न्हाई. मग ती च्याच पीत राह्यली.”

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांच्या घरी आंबील पाहावयास गेलो.

चुलीपाशी काय दिसले?

रात्री निजताना ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून ठेवलेले होते. हिवाळ्यात हेच कालवण आदल्या दुपारी करतात, उन्हाळ्यात मात्र निजतानाच, कारण उन्हाळ्यात ते लवकर आंबते, असे सासूबाईंनी सांगितले. चुलीवर मीठ घातलेले पाणी उकळत होते. त्यात ते कालवण बारीक धारेने सोडून पळीने सारखे ढवळले. पिठाचा कच्चा वास जाऊन आंबिलीवर चकाकी आली, तशी ती उतरवून झाकून ठेवली. पूर्ण निवल्यावरच तीत ताक घातले, कारण गरम आंबिलीत ताक फाटते. जिरे आणि ठेचलेला लसूण घालून ती मातीच्या मडक्यात ओतली आणि मडके ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूवर ठेवून भोवती ओले फडके गुंडाळले.

प्रमाण आम्ही वाटीने मोजले. पीठ 1 वाटी, ते कालवण्यास 2 वाट्या पाणी, उकळीचे पाणी 8 वाट्या आणि ताक 4 वाट्या. म्हणजे पिठाच्या चौदापट द्रव. शार्ङ्गधरांनी मंडासाठी हेच चौदापट पाणी सांगितले आहे. मंड गाळलेला असतो आणि आंबील गाळत नाहीत, हा भेद मान्य करूनही ही कृती पेयादि कल्पनांच्या कुळातलीच, हे ध्यानात आले.

ताकाचा विचार याहून महत्त्वाचा. चतुर्थांश पाणी घालून घुसळलेले ते तक्र आणि अर्धे पाणी घातलेले ते उदश्वित, असे भेद भावमिश्रांनी भावप्रकाशात दिले आहेत. लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. तिला ते शीत, लघु आणि पित्त, श्रम व तृषा हरण करणारी म्हणतात. त्या घरचे ताक ताजे, गोडसर आणि पाण्यासारखे पातळ होते. आम्ही जे वर्ज्य केले ते तक्र, आणि ती पीत होती ती छच्छिका. मराठीत दोहोंना ताक हा एकच शब्द असल्याने आम्ही फसलो.

आंबटपणाचेही तसेच. यावनाल म्हणजे ज्वारी ही शीत, मधुर-कषाय, लघु व कफपित्तहर, परंतु रूक्ष. दोन-तीन दिवस आंबवले तर तिची कांजी होते. कांजी ही स्पर्शाने दाह शमविते, पण प्यायल्यास पित्त वाढविते. सहा-सात तास भिजून लगेच शिजलेल्या आंबिलीत अम्लत्व केवळ रुची आणण्यापुरतेच असते. मिठाविषयी म्हणावे तर, चरकांचा लवणनिषेध पाळताना रुग्ण दिवसभर काय करतो हे पाहावयास हवे. घामावाटे पाण्याबरोबर लवणही जाते, आणि ज्याचे अंग चार-चार तास घामाने निथळते त्याला ते परत मिळाले पाहिजे. धान्यातील पिष्टाचे आतड्यात शर्करेत रूपांतर होते आणि त्या शर्करेबरोबर लवण व पाणी सुलभतेने शोषले जाते. जलसंजीवनीही याच तत्त्वावर चालते.

रुग्णानुसार भेद

त्या स्त्रीस आम्ही आंबील पुन्हा सुरू केली, मात्र पीठ न आंबवता, ऐन वेळी कालवून. लसूण काढून धने-जिऱ्याची पूड घातली आणि रूक्षतेसाठी अर्धा चमचा तूप. ताक त्याच सकाळचे. उपाशीपोटी चहा बंद. उरोदाह पुढील काही आठवड्यांत पुष्कळ कमी झाला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि यात चहा सुटल्याचे श्रेय किती व आंबिलीचे किती, हेही आम्ही सांगणार नाही. पण ती उन्हाळाभर कामावर गेली आणि पुन्हा घेरी आली नाही.

उच्च रक्तदाब किंवा वृक्कविकार असणाऱ्यांना मिठाचे प्रमाण ठरवून द्यावे. प्रमेही रुग्णाने आंबील भाकरीच्या जागी घ्यावी, भाकरीवर नव्हे. मडके रोज उकळत्या पाण्याने धुवावे, काढण्यास दांड्याची पळी ठेवावी आणि सकाळची आंबील दुपारीच संपवावी. बर्फ घालू नये. कोरड्या हवेत मडके जो थंडावा देते तो मंदावलेल्या अग्नीस पुरेसा आहे. कोकणच्या दमट हवेत मडके इतके गार होत नाही, हेही लक्षात असावे. पहिला पाऊस पडला की ही शीत आंबील थांबवावी. वर्षाऋतूत उदमंथ वर्ज्य सांगितला आहे, त्यामागचा विचार येथेही लागू पडतो.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. उन्हातून आलेला मनुष्य बरळू लागला, शुद्ध हरपली किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात होय. तेथे आंबील, पन्हे, आसव यांपैकी काहीही तोंडावाटे देऊ नये. अंग पाण्याने भिजवून वारा घालीत तत्काळ रुग्णालयात न्यावे.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती. उन्हाळ्यात उशीरासव, चंदनासव, गुलकंद, मोरावळा मागणारा ग्राहक बहुधा परस्पर येतो. त्याला ‘दिवसभर काय पिता?’ एवढे जरूर विचारावे. फळीवर जलसंजीवनीची पाकिटे आणि वाळ्याच्या जुड्या असू द्याव्यात. जुडी धुऊन पिण्याच्या माठात टाकावी आणि तीन-चार दिवसांनी बदलावी, हे सांगण्यास क्षणभरच लागतो.

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत त्या घरी राहिलो. बाहेर ऊन रणरणत होते, ओसरीवर निंबाची सावली होती. कामावरून परतलेली माणसे पाय धुऊन बसली आणि मडक्यातील आंबील वाट्यांतून फिरू लागली. सोबत कांदा आणि कैरीची फोड. नंतर सर्वजण तेथेच आडवे झाले. ग्रीष्मात दिवास्वाप विहित आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सायंकाळी अंगणात सडा पडला आणि चांदण्यात खाटा बाहेर आल्या. चरकांनी ग्रीष्मात दिवसा शीतगृह आणि रात्री चंद्रकिरणांनी निवलेली गच्ची सांगितली आहे. ओसरी आणि अंगण याहून निराळे काय आहे?

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. उन्हाळ्यात कोणाचेही पेय बंद करण्यापूर्वी ते घरी कसे करतात हे विचारतो, आणि बंद करणे भागच पडले तर त्याच्या जागी काय घ्यावे हे आधी सांगतो. अपथ्याची यादी देणे सोपे असते. वैद्यबंधू-भगिनींनी या उन्हाळ्यात आपापल्या परिसरातील एक तरी मडके उघडून पाहावे आणि त्यातील पेयाची कृती वाटीच्या मापासह टिपून ठेवावी, एवढीच प्रार्थना.